तुमचा कोण?

२१ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. ऑफिसमध्ये सांगितलं पोट बिघडलं म्हणून, पोट्ट्याच्या शाळेत सांगितलं त्याचंही पोट बिघडलं म्हणून, आणि आम्ही दोघं पोट बिघडलेली माणसं सकाळी सकाळी तर्री पोहे हाणून वर्धा रोडनी जामठ्याच्या स्टेडियमकडे निघालो. रणजीची सेमीफायनल, विदर्भ विरुद्ध मुंबई, पाचवा दिवस. मुंबईला जिंकायला ४०६ पाहिजे होते आणि आदल्या संध्याकाळी त्यांचे ८३ वर ३ गेले होते. म्हणजे कागदावर आपणच. पण कागदावर तर आपण लय वेळा होतो बाप्पा.

गाडीत बसताना पाहिलं तर पोट्ट्यानं अंगात मुंबई इंडियन्सची निळी जर्सी घातलेली, पाठीवर सूर्या, म्हणजे सूर्यकुमार यादव. दोन वर्षांपूर्वीची, आता बेंबीपर्यंतच येते, तरी सोडत नाही. मी म्हटलं बदल ते. म्हणे काहून? म्हटलं आज आपली मॅच मुंबईशी आहे. म्हणे मग तर बरोबरच आहे ना.

आता याला काय सांगायचं? चूक त्याची नाहीच आहे. दहा वर्षांच्या नागपूरच्या पोट्ट्यानं दीड-दोन महिने रोज रात्री टीव्हीसमोर बसून कोणासाठी ओरडायचं? पुण्याला आयपीएलची टीम एकदा नाही, दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा गेली, म्हणजे त्यांना मिळवायचाही अनुभव आहे आणि घालवायचाही. आपल्याकडे २०१० मध्ये हैदराबादची टीम डेक्कन चार्जर्स काही मॅच खेळून गेली, तिकडे तेलंगणाचं आंदोलन पेटलं होतं म्हणून. २०१६ मध्ये पंजाबच्या तीन मॅच ठरल्या होत्या, तर त्या वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ, हायकोर्टानं मॅचच राज्याबाहेर पाठवल्या. दुष्काळाचं बरोबरच होतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मी तिकिटाचे पैसे बाजूला काढून ठेवले होते.

तर मुंबईवर जळणं हा आमच्या घरचा जुना धंदा आहे. त्याची सुरुवात माझ्या आतेभावापासून. उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्या यायची तिकडून, सोबत हा दादा, माझ्याहून दोन वर्षं मोठा. आमच्याकडे कूलरच्या खसचा वास, बाहेर ४५ डिग्री, आणि हा दिवाणावर लोळून सांगायचा, आमचा गावसकर, आमचा वेंगसरकर, आमचा शास्त्री, आणि आता तर आमचा सचिन. मग उशीवर कोपर टेकून विचारायचा, "तुमचा कोण रे?" मी गप्प. काय सांगणार? हे आत्याचं कुटुंब डोंबिवलीला राहायचं आणि डोंबिवली म्हणजे मुंबई नव्हे हे मला फार उशिरा कळलं, नाही तर तेव्हाच तोंड बंद केलं असतं लेकाचं.

बाबा मला सदरच्या जुन्या व्हीसीए ग्राउंडवर रणजी पाहायला न्यायचे. पुडीत शेंगदाणे, डोक्याला दुपट्टा, आणि समोर विदर्भ हरून राहिला आहे, असं हे दृश्य. बाबांना त्याचं दुःख नव्हतं, सवय होती. ते सांगायचे की विदर्भ पहिल्यांदा रणजी खेळला १९५७-५८ ला, आणि त्याच्या पुढच्या सीझनपासून मुंबईनं सलग १५ वेळा रणजी जिंकली, १९७२-७३ पर्यंत. "आपण खेळायला आलो पाहून त्यांना जोर आला," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. मला बारा-तेराव्या वर्षी हा जोक अजिबात आवडत नव्हता.

आणि नुसतं क्रिकेटचंच थोडी आहे. नागपूर एकेकाळी मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती हो, मग ती गेली आणि बदल्यात काय मिळालं तर डिसेंबरातलं अधिवेशन. मुंबईचे लोक येतात, थंडी वाजून राहिली म्हणतात, सावजी खाऊन घाम पुसतात, संत्र्याची बर्फी घेऊन परत जातात. असो, हा विषय काढला की बायको उठून आत जाते, इथेच थांबतो.

इंडियाच्या मॅचही आमच्या वाट्याला कशा आल्या बघा. २००४, ऑस्ट्रेलियाची टेस्ट, भारतात पिच कसं असतं हे जगाला माहीत आणि आमच्या नागपूरला हिरवंगार गवत, त्यांच्या फास्ट बॉलरांना पाहिजे तसं. गांगुली ऐनवेळी बाहेर, आपण ३४२ रननी हरलो आणि ऑस्ट्रेलियानं ३५ वर्षांनी भारतात सिरीज मारली. २०१६ चा टी-ट्वेंटी वर्ल्डकप, पहिलीच मॅच जामठ्याला, न्यूझीलंडचे १२६ करायला गेलो तर ७९ वर ऑलआउट. पण खरी जखम २०११ ची. १२ मार्च, वर्ल्डकप, साउथ आफ्रिका. मी स्टेडियममध्ये होतो. सचिननं १११ मारले, त्याचं नव्व्याण्णववं शतक, १ बाद २६७ स्कोअर होता, माझ्या शेजारचा माणूस ३८० होतील की ४०० यावर अनोळखी माणसाशी पैज लावून राहिला होता. मग २९ रनात ९ विकेट. २९ रनात नऊ! सगळे मिळून २९६. शेवटच्या ओव्हरमध्ये त्यांच्या पीटरसननी आपल्या नेहराला धुतलं आणि आम्ही पंचेचाळीस हजाराचं स्टेडियम अंत्ययात्रेसारखं रिकामं केलं. वर्धा रोडवर दोन तास जाम, आणि कोणी हॉर्नपण वाजवून नव्हतं राहिलं.

तीन आठवड्यांनी फायनलला वानखेडेवर धोनीनं तो सिक्स मारला. तीच टीम, तोच वर्ल्डकप. इंडिया जिंकली म्हणून मीही शंकरनगर चौकात नाचलो, खोटं नाही सांगत, पण नाचता नाचता डोक्यात एक किडा होताच की हे लोक हरतात आमच्याकडे आणि जिंकतात त्यांच्याकडे. रात्री एक वाजता दादाचा फोन, मागे फटाके, "वानखेडे आहे राजा, वानखेडे!" हा स्टेडियमात नव्हताच, डोंबिवलीच्या घरात होता. तरी वानखेडे त्याचं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उमेश यादव टेस्ट खेळला. खापरखेड्याचा, कोळसा खाणीत काम करणाऱ्या माणसाचा मुलगा, विदर्भाकडून खेळून टेस्टपर्यंत गेलेला पहिला. इतक्या वर्षांनी मला "तुमचा कोण" चं उत्तर मिळालं आणि मी दादाला लगेच फोन केला, तर तो म्हणे हो हो, फास्ट आहे, लाइन बिघडते जरा. फोन ठेवला मी.

मग २०१७-१८. ते वर्ष मी अजूनही नीट सांगू शकत नाही, सांगायला लागलो की आवाज बदलतो. कोलकात्याला कर्नाटकविरुद्ध सेमीफायनल फक्त ५ रननी जिंकली, रजनीश गुरबाणीनं मॅचमध्ये १२ विकेट काढल्या, आमच्यातला सिव्हिल इंजिनिअर पोट्टा! बाबांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, मी मोबाइलवरून त्यांना एकेक बॉल वाचून दाखवत होतो आणि ते दर बॉलला "आउट का?" विचारत होते. फायनल इंदूरला दिल्लीशी. गुरबाणीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचं शतक, आणि २०१८ च्या पहिल्या तारखेला दुपारी ९ विकेटनी आपण चॅम्पियन. फैज फजल कॅप्टन, टीममध्ये वसीम जाफर. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "जाफर मुंबईचा. कोच पंडित, तोही मुंबईचा. त्यांचे उरलेले आपल्याला पुरतात बघ."

मला राग आला होता तेव्हा. वसीम जाफर उरलेला? पुढच्या मोसमात त्यानंच मुंबईविरुद्ध इथे शतक ठोकलं आणि आपण मुंबईला डावानी हरवलं, आणि सौराष्ट्राला नागपुरातच ७८ रननी हरवून परत चॅम्पियन झालो, आपल्या आदित्य सरवटेनं त्यांच्या पुजाराला दोन्ही डावांत मिळून एका रनात गुंडाळलं, असं काय काय. पण बाबांचं वाक्य जाऊन नाही राहिलं. आणि त्या दिवशी दादाचा मेसेज काय आला माहीत आहे? "काँग्रॅट्स! जाफर भाई म्हणजे शेवटी बॉम्बे स्कूल ऑफ बॅटिंग." म्हणजे आम्ही साठ वर्षांनी जिंकलो तेही त्यांच्याच खात्यात जमा.

२०२४ च्या मार्चमध्ये तर फायनलच मुंबईशी, वानखेडेवर. आपल्याला ५३८ पाहिजे होते, हे काय टार्गेट आहे का, पण पाचव्या दिवशी सकाळी वाडकर आणि हर्ष दुबे आउटच होऊन नाही राहिले, पूर्ण सेशन विकेट नाही, आणि मी ऑफिसच्या बाथरूममध्ये मोबाइल घेऊन उभा. वाडकरचं शतक झालं. ३५३ वर तो गेला आणि ३६८ वर सगळं संपलं. १५ रनात शेवटच्या पाच. मुंबईची ४२ वी रणजी. बेचाळिसावी! कपाटात जागा तरी कुठे असेल, जुन्या ट्रॉफ्या माळ्यावर टाकून राहिले असतील. मी दादाला मेसेज केला, "चांगले खेळले तुमचे." खूप मोठं मन करून केला होता. अर्ध्या तासानी उत्तर, "कुठली मॅच रे?"

हे मला जास्त लागलं, ३६८ पेक्षा. म्हणजे मी इतकी वर्षं जळून राहिलो आणि तिकडे कोणाला धूरही दिसून नाही राहिला. दुश्मनी म्हणून जपलेली गोष्ट एकट्याचीच निघाली की कसं वाटतं, ते ज्याला वाटलं त्यालाच कळेल.

तर जामठा, पाचवा दिवस. रणजीला तिकीट-बिकीट काही नाही, सावली पाहून बसायचं. पहिल्या डावात आपल्या पार्थ रेखडेनी एकाच ओव्हरमध्ये रहाणे, सूर्या, शिवम दुबे तिघांना काढलं होतं, ते पाहायला मी नव्हतो म्हणून आज तरी काही दिसू दे अशी प्रार्थना. सूर्या आला. पोट्टा उभा राहून ओरडला, "सूर्या दादा!" मागच्या चार म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कोणाचं पोट्टं आहे बे हे असं. २३ वर सूर्या गेला आणि मी खुर्चीवरून उडालो, दोन्ही हात वर, मागचे म्हातारे टाळ्या पिटून राहिले, आणि बाजूला पाहतो तर माझं पोट्टं तोंडावर हात ठेवून बसलेलं. एक क्षण आनंद करू की त्याला जवळ घेऊ कळेना. आधी आनंद केला.

मग मुंबईच्या शार्दूल ठाकूर आणि मुलानीनं लावून धरलं. रन वाढत गेले, माझं पोट खरंच बिघडायला लागलं. मला समोर जामठा दिसतच नव्हता, ३५३ आणि ३६८ दिसत होते. मागचा एक काका म्हणाला, "हे मुंबईवाले मेल्यावरही बॅटिंग करतील." शार्दूल ६६ वर गेला तेव्हा श्वास सुटला. ३२५ वर ऑलआउट, ८० रननी जिंकलो, हर्ष दुबेच्या पाच विकेट. म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, मग मला, मग त्या निळ्या जर्सीलाही.

पार्किंगमध्ये उभं राहून दादाला मेसेज लिहिला. पहिले तीन ओळी लिहिल्या, खोडल्या. मग फक्त "जिंकलो" लिहून ग्राउंडचा फोटो टाकला. रात्री उत्तर आलं, अंगठा, आणि खाली, "रोहित खेळला का?"

फायनल केरळशी, तीही जामठ्याला. मॅच ड्रॉ झाली, पण पहिल्या डावात आपले ३७९ आणि त्यांचे ३४२, त्या ३७ रनांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी आपली. दानिश मालेवारचे १५३, दुसऱ्या डावात करुण नायरचं शतक. आणि गंमत म्हणजे केरळकडून ७९ मारून आपल्याला घाम कोणी फोडला तर आदित्य सरवटेनं, आपल्याच पोट्ट्यानं, त्या वर्षी तिकडे गेलेल्या. बाबा आता फारसे बोलत नाहीत, पण त्यांना हे सांगितल्यावर ते बरेच दिवसांनी मोठ्यानं हसले. "म्हणजे आता आपलेही उरायला लागले," म्हणाले.

त्या आनंदात पोट्ट्याला म्हटलं चल, ही आखूड जर्सी टाक, तुला विदर्भची घेऊन देतो. सीताबर्डीला गेलो संध्याकाळी. एका दुकानात विचारलं, दुसऱ्यात विचारलं, तिसऱ्या दुकानातला माणूस हातातला चहा ठेवून म्हणाला, "विदर्भ? ते कोणत्या लीगमध्ये आहे भाऊ?" म्हटलं रणजी, परवाच जिंकले, इथेच, जामठ्याला. म्हणे हाव का? मग मागे वळून खोक्यात हात घातला. "ते नाही येत आपल्याकडे. हे घ्या ना, मुंबई आहे, नवीन माल आहे, सूर्याचं नाव टाकून देतो."

पोट्टा माझ्याकडे पाहून राहिला होता. मी म्हटलं, एक साइज मोठी दाखवा.