बैलाचा दुसरा डोळा

आज धड काही सुचत नाहीये. तसं बघितलं तर झालं काहीच नाही. मोठ्या बाई व्हरांड्यात पोळ्याची चित्रं बघत होत्या, तिसरीतल्या एका मुलाला थांबवून म्हणाल्या, हा बैल तुझा ना रे, केवढा छान काढलायस! तर तो म्हणाला, "नाही, तो बाईंचाय. माझ्याला दोन डोळे होते." आणि गेला पळत पाणी प्यायला.

मोठ्या बाई हसल्या, मीपण हसले.

चित्रं लावायच्या आधी थोडं नीटनेटकं करतोच ना आपण चित्रकलेचे शिक्षक, काळ्या स्केचपेननी आऊटलाइन मारायची, आभाळ कापसानं घासून सारखं करायचं, सगळेच करतात. त्याचा बैल बाजूनं उभा, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग, शिंगांना बेगड म्हणून चॉकलेटची चांदी चिकटवलेली (ही आयडिया मला नसती सुचली), आणि गालावर शेजारी शेजारी दोन डोळे. मी एका डोळ्यावर चॉकलेटी तेलखडू फिरवला. दोन सेकंदांचं काम. त्याला विचारलंसुद्धा नाही, तो डबा खात होता.

तक्रार होती का ती? तेच कळत नाहीये. तोंडावर राग नव्हता, रागावला असता तर समजूत तरी काढली असती. ही वही माझी नाही म्हणावं तसं सांगितलं त्यानं.

आणि मला माहीत नव्हतं असंही नाही. एटीडीला, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या डिप्लोमाला, घोकलंय की सात ते नऊच्या वयात मूल डोळ्याला दिसतं ते काढत नाही, ठाऊक असतं ते काढतं. बैलाला डोळे दोन, मग दोनच काढणार. 15व्या शतकातल्या कल्पसूत्र या जैन ग्रंथाच्या पोथ्यांमध्ये तर पलीकडचा डोळा चक्क चेहऱ्याच्या बाहेर काढलेला असतो, ते पेपरात लिहून मार्क घेतलेत मी. तिथे ती शैली, आणि इथे लगेच खडू घेऊन धावले.

पण मी तरी काय करू, आठवड्याला दोन तास, त्यातला एक गणितवाल्या बाई मागून नेतात, फलकलेखन माझं, गॅदरिंगचा पडदा माझा, रांगोळी तर माझीच, कुणी पाहुणे येणार म्हटलं की चित्रकलेच्या बाई आहेत की! स्वतःचं म्हणून शेवटचं चित्र कधी काढलं ते... आईकडच्या कपाटावर तो रोल अजून आहे बहुतेक. जाऊ दे.

"तो बाईंचाय."

म्हणजे बघा, इतक्या वर्षांत या शाळेत माझ्या नावावर लागलेलं पहिलं चित्र, तेही तिसरीच्या बोर्डावर, आणि त्यात एक डोळा कमी! मघाशी भांडी घासताना हे डोक्यात आलं आणि एकटीच हसत सुटले, हे बाहेरून विचारतायत काय झालं म्हणून.

येताना चित्र काढून पिशवीत घालून आणलं होतं. आत्ता टाचणीनं वरचा चॉकलेटी थर हळूहळू खरवडला. डोळा आलाय खाली, पण पांढुरका. मोतीबिंदू झाल्यासारखा दिसतोय बैल. उद्या पहिल्या तासाआधी त्याच्याकडे देते, काळा खडू पण देते. काढायचा तर काढेल, नाहीतर सांगेलच तोंडावर.

टाचणीनं कागद एका जागी फाटलाय थोडा. मागून टेप लावलीये.