आमची वाटचाल : नौपाड्यातील आमचे सोनोग्राफी केंद्र

आम्ही ठाण्यातील नौपाड्यात केंद्र सुरू केले तेव्हा यकृताचा रिपोर्ट बहुधा ‘फॅटी लिव्हर, ग्रेड टू’ एवढ्यावर संपत असे. ही ग्रेड चरबीची असते. फायब्रोसिसमुळे, म्हणजे आत व्रणासारखे तंतू साचून, यकृत किती ताठर झाले आहे, हे तिच्यावरून कळत नाही, आणि रुग्णाचे पुढचे आरोग्य तर मुख्यतः त्यावरच अवलंबून असते. म्हणून आम्ही कर्ज काढून शिअर वेव्ह इलास्टोग्राफी, म्हणजे ध्वनिलहरींनी यकृताचा ताठरपणा मोजण्याची सोय, असलेले मशीन घेतले.

हप्ते सुरू होतात न होतात तोच त्याच रस्त्यावर एका मोठ्या साखळीची शाखा उघडली. निम्मा दर, सोसायट्यांमधून शिबिरे, आणि रुग्ण पाठवणाऱ्यांना कट. आम्ही कट देण्यास नकार दिला, तेव्हा वर्षानुवर्षे रुग्ण पाठवणारे डॉक्टरही दुरावले. हप्ते थकले, बँकेची नोटीस आली आणि अर्धी जागा एका दंतवैद्यांना भाड्याने द्यावी लागली. ती सल आजही गेलेली नाही, कारण आमचे काम कमी पडले म्हणून हे घडले नव्हते.

त्या दिवसांत जांभळी नाक्यावरचे एक धान्याचे व्यापारी त्या शिबिरातला रिपोर्ट घेऊन आले. त्यावर एकच आकडा होता, ११.४ किलोपास्कल (ताठरपणा मोजण्याचे एकक), आणि शेठ सिरोसिसच्या, म्हणजे यकृत कायमचे निकामी होत जाण्याच्या, धास्तीने खचले होते. तपासणी नाश्त्यानंतर लगेच झाली होती. जेवणानंतर यकृताचा रक्तप्रवाह वाढतो आणि आकडा फुगतो. शिवाय छापील चित्रात मोजणीची चौकट यकृताच्या आवरणाला चिकटलेली होती, जिथे परावर्तनामुळे आकडा खोटा चढतो. आम्ही त्यांना दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बोलावले, उजवा हात डोक्यावर घ्यायला लावला, बरगड्यांमधून प्रोब टेकवला, चौकट आवरणापासून दीड-दोन सेंटिमीटर खोल ठेवली आणि साध्या श्वासावर क्षणभर थांबवून मोजण्या घेतल्या. मध्यक, म्हणजे मोजण्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, आला ६.२. तेव्हापासून बाजारातली माणसे शेठच्या शब्दावर आमच्याकडे येऊ लागली आणि केंद्र तरले.

पुढची वर्षे सुरळीत गेली.

नव्याने केंद्र काढणाऱ्यांना एवढेच सांगेन, की मशीनच्या किमतीची घासाघीस करताना प्रोबची वॉरंटी आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) आधी लिहून घ्या, आणि रिसेप्शनवरच्या ताईंना फोनवरच ‘चार तास काही खाऊ नका’ असे सांगायला शिकवा. रुग्णांनीही आपल्या रिपोर्टवर मध्यकासोबत आयक्यूआर (मधल्या निम्म्या मोजण्या किती विखुरल्या आहेत, तो आकडा) छापला आहे का ते पाहावे. किलोपास्कलमधील मोजणीत त्याचे मध्यकाशी प्रमाण ३० टक्क्यांहून अधिक असेल, तर त्या आकड्यावर विसंबू नये. आमच्या पद्धतीत ९ किलोपास्कलखाली, इतर लक्षणे नसल्यास, प्रगत आजाराची शक्यता फारच कमी असते आणि १३ च्या वर ती ठळक होते. मात्र हृदयविकाराने यकृतात रक्त साचले असेल किंवा कावीळ जोरात असेल, तर आकडा फायब्रोसिसशिवायही चढतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, त्यामुळे फेरतपासणी शक्यतो त्याच मशीनवर करावी, मग ते आमचे असो वा दुसऱ्या कोणाचे.