लाँग-ईझी, चौथाई मापात: टाकी बसली

लाँग-ईझी या छोट्या विमानाचं चौथाई मापाचं उडतं मॉडेल बनवतोय, त्याच्या पंखांवर काचकापड चढवून झालं, राजेहो. थंडीत इपॉक्सी (काचकापड चिकटवायची राळ) लवकर धरत नाही आणि कोठीत कापूस भरलेला, म्हणून ओसरीतच ताडपत्रीखाली बल्ब लावून सुकवलं. अमेरिकन विमानरचनाकार बर्ट रुटानचं खरं विमानही असंच बनतं: गरम तारेनं कापलेला फोम, वर काचकापड. त्याचे पंख 26 फुटी, माझे साडेसहा.

या खेपेला खरा वेळ टाकीनं खाल्ला. खऱ्या विमानात दोन्ही पंखांच्या मुळाशी एकेक टाकी असते आणि कोणत्या टाकीतलं पेट्रोल घ्यायचं ते वैमानिक कॉक फिरवून ठरवतो. रुटानच्या आराखड्यात हा कॉक दोन पायांच्या मध्ये आहे. 12 ऑक्टोबर 1997 ला गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात ज्या लाँग-ईझीतून कोसळला, तिच्यात बनवणाऱ्यानं तो डाव्या खांद्यामागे नेला होता, पेट्रोलची नळी कॉकपिटमध्ये नको म्हणून. कॉक फिरायलाही जड. पेट्रोल कमी होतं, भरून देतो म्हटलं तरी डेन्व्हरनं घेतलं नाही. हवेत टाकी बदलायची तर पट्टा सोडून मागं वळावं लागे, आणि असं वळताना उजवा पाय आपसूक विमान उजवीकडे वळवणाऱ्या उजव्या पेडलवर रेटला जातो, हे तपासात दिसलं. विमान मॉंटेरेच्या समुद्रात गेलं.

पेट्रोल संपत आलं म्हणून पडला, एवढ्यावर हा किस्सा संपवणं मला पटत नाही. जुनी स्प्लेंडर रिझर्व्हला लागली की रस्त्यावरची नजर न हलवता आपण डाव्या हातानं कॉक फिरवतो, कारण तो गुडघ्यापाशी आहे. मागच्या सीटखाली असता तर?

मॉडेलमध्ये म्हणून दोन टाक्या नाहीतच. 350 मिलीची एकच, गुरुत्वमध्यावर, म्हणजे पेट्रोल जळत गेलं तरी तोल सरकत नाही. पुढे छोटे पंख असलेल्या या घाटाला शेपटीकडचा भार अजिबात खपत नाही. 20 सीसीचं इंजिन स्टँडला बांधून 100 मिली जाळून पाहिलं: अर्ध्या थ्रॉटलला सहा मिनिटांच्या आसपास. रिमोटचा टायमर 12 मिनिटांवर लावलाय. बाबा म्हणतात, "निम्मं पेट्रोल वापसच आणतं काय बे?" हो, आणणार.

काकांनी यंदा चना पेरला नाही, ते वावर मोकळं आहे. ढेकळं फोडून पट्टी केली की आधी नुसतं जमिनीवर पळवून बघतो. नाकाच्या चाकाचा सर्व्हो (रिमोटवर चालणारी छोटी मोटर) मात्र अजून बसायचाय.