आमची वाटचाल: आधी दिवा बघा, मग पाना उचला

भोसरी एमआयडीसीत आमचा एक छोटा गाळा आहे. मी, चार फिटर आणि हिशेब-खरेदी सांभाळणारी माझी बायको, एवढीच आमची कंपनी. खोके बनवणाऱ्या आणि भरणाऱ्या मशीनची दुरुस्ती करतो. गिऱ्हाइकांचे फोन येतात त्यातले निम्मे तरी एकाच वाक्याने सुरू होतात : "दादा, सेन्सर गेलाय."

बॉक्स फोल्डिंगच्या मशीनमध्ये छापून कापलेले पुठ्ठ्याचे सपाट ब्लँक मॅगझिनमध्ये, म्हणजे मशीनच्या कप्प्यात, रचलेले असतात. व्हॅक्यूमचे रबरी कप एकेक ब्लँक ओढून साच्यावर ठेवतात, वरून ठोकळा उतरतो, बाजू वळतात, कान अडकतात आणि खोका पुढे सरकतो. ठोकळा वर पोचल्याशिवाय पुढचा ब्लँक आत येता कामा नये. कप मागे गेल्याशिवाय ठोकळा उतरता कामा नये. कोण कुठे आहे हे पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, कळतं ते पोझिशन सेन्सरकडून. त्यातला प्रॉक्सी न टेकता धातू ओळखतो : शाफ्टवरची लोखंडी पट्टी त्याच्यासमोर आली की "आहे", गेली की "नाही". त्या एका होय-नाहीवर सगळं मशीन चालतं.

अकरा वर्षं कार्टनच्या कारखान्यात मेंटेनन्स केल्यावर मी नोकरी सोडली. पहिलंच स्वतंत्र काम चाकणला मिळालं. प्रॉक्सी खरोखरच जळाला होता. मी तसाच दिसणारा १८ मिमीचा नवा आणला, तपकिरी वायर २४ व्होल्टला, निळी शून्याला आणि काळी पीएलसीच्या इनपुटला जोडली. पट्टी समोर आली की सेन्सरच्या शेपटीचा दिवा लागायचा, पण पॅनेलवरचा अलार्म जाईना. केबल तपासली, कनेक्टर उघडले. संध्याकाळ झाली तेव्हा मी मालकांना सांगून बसलो की पीएलसीचं इनपुट कार्ड गेलंय, बदलावं लागेल. तिथले वयस्कर इलेक्ट्रिशियन काका शांतपणे म्हणाले, "काढलेला पीएनपी होता ना? तुम्ही लावलाय तो एनपीएन आहे बघा."

तसंच होतं. सेन्सरचे हे दोन प्रकार : पीएनपी काळ्या वायरवर प्लस देतो, एनपीएन ती वायर शून्याला ओढतो. ते कार्ड प्लसची वाट बघत होतं, त्याला काहीच मिळत नव्हतं. माझ्या चुकीपायी त्या माणसाला एका चांगल्या कार्डाचे पैसे मोजावे लागले असते. त्या दिवसाची मजुरी मी घेतली नाही. रात्री घरी येऊन वहीत लिहिलं : दिवे दोन आहेत, एक सेन्सरवर, एक पीएलसीच्या इनपुटवर. दोन्ही बघितल्याशिवाय हात लावायचा नाही.

आजही नव्या मुलाला मी हेच आधी शिकवतो. पट्टी समोर असूनही दोन्ही दिवे बंद असतील तर सप्लाय, गॅप (पट्टी आणि सेन्सरमधलं अंतर), घाण किंवा खुद्द सेन्सर. सेन्सरचा लागतो आणि पीएलसीचा लागत नाही, तर वायर, कनेक्टर किंवा पीएनपी-एनपीएनचा घोळ. हलत्या भागावरच्या केबलची तार वरून शाबूत दिसते आणि आत तुटलेली असते. मशीन हाताने हळूहळू फिरवलं की दिवा एका ठरावीक जागी मिचकावतो, तिथेच ती सापडते. दोन्ही दिवे वेळेवर लागत असतील तर सेन्सरला दोष देणं थांबवायचं आणि मेकॅनिकल सेटिंगकडे वळायचं.

आमचं नाव झालं ते मिठाईच्या खोक्यांच्या एका मशीनमुळे. दिवाळी तोंडावर होती आणि मशीन होम पोझिशनच्या, म्हणजे फेरी सुरू होण्याच्या मूळ जागेच्या, अलार्मवर थांबत होतं. आधीच्या लोकांनी तीनदा सेन्सर बदलला होता. दर वेळी दोन दिवस मशीन चालायचं, मग पुन्हा तेच. म्हणजे नवा सेन्सर लागू पडतो अशी सगळ्यांची खात्री झालेली. आम्ही स्पीड कमी करून दिवे बघितले, दोन्ही व्यवस्थित लागत होते. स्पीड वाढवला की मध्येच एखादी फेरी सुटायची. मग माझ्या फिटरने पट्टीला चुंबक लावून बघितलं. चिकटलं नाही. मूळ लोखंडी पट्टी कधीतरी तुटली होती आणि कुणीतरी ॲल्युमिनियमची करून बसवली होती.

असा साधा प्रॉक्सी लोखंड ८ मिमीवरून ओळखत असेल, तर ॲल्युमिनियम त्याला साधारण ३ मिमीवरूनच दिसतं. सेन्सर बदलताना प्रत्येक जण नकळत गॅप कमी ठेवत होता, म्हणून दोन दिवस चालायचं. थरथरीने सेन्सर आवळून धरणारा चेक नट सैल झाला, सेन्सर किंचित मागे सरकला, की पुन्हा बंद. आम्ही लोखंडी पट्टी करून घेतली, नवे नट घट्ट बसवले, गॅप ४ मिमी ठेवला. जुना सेन्सर पुन्हा लावला, तोच अजून चालतोय. त्या मालकांनी पुढे आणखी चार कारखान्यांना आमचं नाव सांगितलं.

सोनेरी-चंदेरी लॅमिनेशनचे खोके वाढले तशी वेगळी तक्रार सुरू झाली. समोरच्या रिफ्लेक्टरवरून परत येणारा उजेड अडला की खोका आला असं समजणाऱ्या फोटो सेन्सरला खोका आला हेच कळेना, कारण चकचकीत पुठ्ठा स्वतःच उजेड परत पाठवत होता. तिथे सेन्सर थोडा तिरपा बसवला की बहुतेक वेळा काम होतं. पुठ्ठ्याची धूळ मात्र कुठल्याच सेन्सरला सोडत नाही. लेन्स रोज मऊ कापडाने पुसायची. एअर गनने मारलेली धूळ समोरून उडते आणि शेजारच्या बेअरिंगमध्ये जाऊन बसते, म्हणून मला ती पद्धत पसंत नाही.

एका गोष्टीवर मी भांडतो. माल अडला की काही ठिकाणी प्रॉक्सीच्या तोंडाला लोखंडाचा तुकडा चिकटवतात, किंवा गार्डच्या दाराचा स्विच वायरने बांधून ठेवतात. मशीन चालतं, पण ठोकळा वर आहे की खाली हे त्याला कळत नाही आणि आत कुणाचा तरी हात असतो. असं दिसलं की आम्ही मेन स्विच बंद करतो, हवेचा दाब सोडतो आणि ते काढल्याशिवाय दुसरं काम सुरू करत नाही. यावरून दोन गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत.

सेन्सर विकून आम्हाला फार कमी मिळतं. आमचा धंदा उभा आहे तो वर्षाच्या करारांवर आणि त्या वहीवर. आता तिचे सात भाग झालेत. प्रत्येक दुरुस्तीची नोंद त्यात असते : मशीन, अलार्म, दोन्ही दिव्यांची स्थिती, सापडलेलं कारण. खंडेनवमीला पान्यांशेजारी त्या सातही वह्या पूजेला मांडतो. गुरुवारी इथल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी असते, तेव्हा थांबलेल्या मशीनचे चेक नट तपासायला आम्ही बाहेर पडतो. या गुरुवारी तीन ठिकाणी जायचंय.