कुत्रं चावल्यानंतरचे 28 दिवस

मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला माझ्या नऊ वर्षांच्या पुतण्याला गल्लीतल्या कुत्र्यानं पोटरीला धरलं. दोन दात खोल रुतले होते आणि सोडवताना अंगठ्याच्या मुळाशीही खरचटून रक्त आलं होतं. आमचं गाव बेळगाव–वेंगुर्ला रस्त्यावर. तिथून त्या दिवशी आणि पुढच्या चार आठवड्यांत जे जे करावं लागलं, ते क्रमानं लिहितो. कुणावर वेळ आली तर शोधाशोध करावी लागू नये.

सगळ्यात आधी नळ. आई हळद आणि चुना घेऊन आलीच होती, तिला म्हटलं, "आई, काही लावू नकोस, साबण दे." वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं जखम धुवायची. मोबाईलवर वेळ लावा, कारण अंदाजानं धुतलं की दोन-तीन मिनिटांतच पुरे झालं असं वाटतं. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, ते साबणानं फुटतं आणि विषाणू तिथंच मरतो. दाताची भोकं बाहेरून बारीक दिसली तरी आत खोल असतात, म्हणून कातडी थोडी ताणून पाणी आतपर्यंत जाऊ द्यायचं. पोरगं रडत होतं, "काका, अजून किती?" म्हणत होतं, तरी पाय नळाखालून काढू दिला नाही. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावलं. हळद, चुना, तिखट, कॉफी पावडर यांतलं काहीही लावू नका. त्यानं जखम चिडते, आणि नंतर तीच पुन्हा घासून काढावी लागते.

जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथं मलम लावून घट्ट पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि "उद्या लस सुरू करू, तेवढं पुरे," असं सांगितलं. यात तीन चुका होत्या. चावलेली जखम घट्ट बांधायची नसते. लस उद्यावर ढकलायची नसते. आणि अशा जखमेला नुसती लस पुरत नाही.

हा तिसरा मुद्दा नीट समजून घ्या, कारण बहुतेक घोळ इथंच होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं चाव्याचे तीन वर्ग केले आहेत. धड कातडीला जनावराचा नुसता स्पर्श झाला किंवा त्यानं चाटलं, तर पहिला वर्ग, त्याला काही लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला किंवा कपड्यानं न झाकलेल्या कातडीला नुसता दात लागला, तर दुसरा, त्याला लस. कातडी फाटून रक्त आलं, फुटलेल्या कातडीवर चाटलं किंवा तोंडा-डोळ्यांत लाळ गेली, तर तिसरा. तिसऱ्या वर्गाला लस आणि सीरम दोन्ही लागतात. लस शरीराला प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारे घटक, तयार करायला शिकवते, पण त्याला आठवडा ते दोन आठवडे लागतात. तोवर विषाणू मज्जातंतूंमधून मेंदूकडे सरकत असतो. मधल्या दिवसांत सांभाळायला तयार प्रतिपिंडं थेट जखमेत सोडतात, तेच सीरम. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य, म्हणून हे दिवस हातचे जाऊ देता येत नाहीत.

प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा लस असते, सीरम असेलच असं नाही. म्हणून निघण्याआधी फोन करून "सीरम आहे का?" एवढंच विचारलं आणि सरळ बेळगावच्या सिव्हिलला गेलो. केसपेपरवर कन्नडमध्ये "नायी कडित" लिहिलं, म्हणजे कुत्र्याचा चावा. कन्नड वाचता येत नसलं तर एवढे दोन शब्द ओळखून ठेवा. सिस्टरनी विचारलं, "एष्टु केजी?", म्हणजे किती किलो? वहिनी म्हणाल्या पंचवीस असेल, पण काट्यावर 22 भरलं. सीरमची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे अंदाज सांगू नका, काट्यावर उभं करा. घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं सीरम किलोला 40 युनिट, माणसाच्या रक्तापासूनचं किलोला 20. आम्हाला घोड्याचं मिळालं. 22 किलोला 880 युनिट. बाटलीत एक मिलीला 300 युनिट होते, म्हणजे जवळजवळ 3 मिली.

हे सीरम दंडात किंवा कुल्ल्यावर देऊन उपयोग नसतो. जखमेच्या आत आणि कडेनं सगळीकडे सुई फिरवून भरतात. पोटरीच्या दोन्ही भोकांत आणि अंगठ्याजवळही दिलं. बोटाच्या जागी मांस कमी असतं, तिथं हळूहळू थोडंच जातं. जखमा जास्त असतील तर सलाईन मिसळून वाढवतात, म्हणजे सगळ्या जखमांना पुरतं. दुखतं भरपूर, त्यामुळे पोराला धरायला दोन माणसं हवीत. नंतर अर्धा-एक तास बसवून ठेवतात, अंगावर गांधी उठत नाहीत ना, दम लागत नाही ना ते बघायला. पहिल्या दिवशी सीरम मिळालंच नाही तर लस सुरू करून टाका. पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत सीरम देता येतं, त्यानंतर नाही. जखमेला शक्यतो टाके घालत नाहीत, घालावेच लागले तर सीरम आधी.

लस दोन्ही दंडांवर कातडीच्या आत, प्रत्येकी 0.1 मिली. सुई बरोबर गेली की वाटाण्याएवढा पांढरट फुगा उठतो, संत्र्याच्या सालीसारखा. फुगा उठला नाही तर लस खोल गेली, मग शेजारी पुन्हा द्यावी लागते. हे स्वतः बघा आणि नसेल तर तिथंच सांगा. पोटात 14 इंजेक्शनांची भीती अजून गावात आहे, पण ती मेंढीच्या मेंदूपासूनची जुनी लस वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता चार वेळा जायचं: दिवस 0, 3, 7 आणि 28. पहिली लस घेतली तो दिवस शून्य, चावल्याचा नव्हे. आम्ही मंगळवारी सुरू केली, म्हणून पुढची शुक्रवारी, मग मंगळवारी, आणि चौथी पहिल्या मंगळवारपासून चार आठवड्यांनी. खाजगीत दंडाच्या स्नायूत देतात, तिथं पाच डोस असतात: 0, 3, 7, 14, 28. एक पद्धत घेतली की तीच पुरी करा. एखादा दिवस चुकला तर पहिल्यापासून सुरू करत नाहीत, राहिलेला डोस लगेच घेतात. फोडलेली बाटली थंड ठेवून सहा ते आठ तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रांत ठरलेल्या वेळी बोलावतात. ती वेळ पाळा. लहान मूल, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, कुणालाही ही लस वर्ज्य नाही.

कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवलं. ते ठणठणीत राहिलं तरी आम्ही चारही डोस पुरे केले, कारण कातडीतल्या लसीत चौथा सोडायचा नसतो. कुत्रं मेलं किंवा पळालं म्हणून थांबायचा तर प्रश्नच नाही. कुत्रं पकडायचं, मारायचं की सोडायचं, यावर गावात भांडत बसण्यात पहिले दोन तास घालवू नका. सर्वोच्च न्यायालयानं 22 ऑगस्ट 2025 ला आदेश दिला होता की नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, रेबीज झालेली किंवा फार आक्रमक असलेली वगळून. ते काम पंचायतीचं, जखम आपली.

कर्नाटकात माणसाचा रेबीज 2022 पासून कळवायला बंधनकारक रोग आहे. गावात कुणाला पाण्याची भीती, घशात आवळ येणं असं दिसलं तर आशाताईंना लगेच सांगा.

चंदगडकडची आमची पाहुणे मंडळीही कधी कधी बेळगावात येऊन डोस घेतात. वेळापत्रक देशभर एकच आहे, त्यामुळे पुढचा डोस कोल्हापुरातही चालतो, फक्त लसीचं कार्ड सोबत हवं. चौथ्या डोसानंतर पुतण्याचं कार्ड मी रेशन कार्डच्या पिशवीत ठेवलं आणि फोनवर त्याचा फोटोही काढून घेतला. पुन्हा कधी चावलं तर हे दाखवलं की दिवस 0 आणि 3 असे दोनच डोस लागतात, सीरम लागत नाही. कार्ड हरवलं तर डॉक्टर काही घेतलंच नाही असं धरून सगळं पहिल्यापासून करतील.