चढणाऱ्याला आधी वाट

इंग्लंडमधल्या एक्समूर या माळरानाच्या आडरस्त्यांवर गाडी चालवायची तर पुढे नेण्यापेक्षा मागे घेणं जास्त चांगलं जमावं लागतं. दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध, त्यांवर दाट झुडपं, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. समोरून कुणी आलं की एकाने मागच्या रुंद जागेपर्यंत हटायचं. ट्रॅक्टर हटत नाही, हे गृहीत धरायचं. जाताना तो स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, झाले आभार.

या वेळी शेजारी मामा होते. उभी हयात एसटीत, त्यातली बरीचशी कुंभार्ली घाटात. माइनहेडहून किनाऱ्याने लिनमथ गाठायचं आणि माळावरून परतायचं, असा बेत. अंतर किरकोळ, पण वाटेत पोरलॉकची चढण. गाव संपतं न संपतं तोच रस्ता उठतो: चारास एक, म्हणजे पंचवीस टक्के चढ, वर अवघड वळणं. ज्यांची छाती होत नाही त्यांच्यासाठी रानातून टोलचा लांब, सौम्य रस्ता आहे. टोल म्हणताच मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो विषय सोडला.

"पहिल्यात टाक. आणि मध्येच गिअर बदलत बसू नकोस."

वर झाडं संपतात आणि एकदम माळ. ऑगस्ट असल्यामुळे हेदरच्या फुलांचा जांभळा आणि काटेरी गॉर्सच्या झुडपांचा पिवळा एकमेकांत मिसळलेला. कुंपण नाही, मेंढ्या रस्त्याच्या मधोमध बसलेल्या. उजव्या हाताला माळ तुटतो आणि खाली ब्रिस्टलची खाडी, पलीकडे वेल्स. पाणी चांगलंच गढूळ. निळ्या समुद्राची आशा धरून आलेल्या माणसाची निराशा होईल. मामांना मात्र दाभोळची खाडी आठवली आणि बरं वाटलं.

याच रस्त्यावरून जानेवारी १८९९ मध्ये एक बोट गेली होती. वादळात 'फॉरेस्ट हॉल' हे जहाज अडचणीत सापडलं. लाटांमुळे लिनमथहून 'लुइझा' ही बचावनौका पाण्यात लोटता येईना. मग लोकांनी ती गाड्यावर चढवली आणि घोडे लावून, दोर ओढून, रात्रभर डोंगरावरून पोरलॉक वेअरच्या बंदरात नेली. एके ठिकाणी वाट इतकी अरुंद की नौका गाड्यावरून उतरवून लाकडांवरून सरकवत न्यावी लागली; पोरलॉकमध्ये तर बागेची भिंत पाडली. पहाटे नौका समुद्रात गेली, जहाजावरचे सगळे वाचले. काही घोडे मात्र त्या श्रमाने मेले.

आम्ही जो चढ चढलो, तो त्यांनी अंधारात उतरला होता. मामांनी एकच विचारलं, "ब्रेक?"

"माणसं. मागून दोर धरून."

मामा बराच वेळ बोलले नाहीत.

लिनमथ सुंदर आहे, गर्दीही तशीच. १९५२च्या ऑगस्टमधल्या पुरात इथे ३४ माणसं गेली, आज नदीचं पात्र मुद्दाम रुंद ठेवलेलं दिसतं. मामा रमले ते कड्यावरच्या रेल्वेपाशी. १८९० पासून ती नुसत्या पाण्यावर चालते. वरच्या डब्याच्या टाकीत नदीचं पाणी भरतात, वजनाने तो खाली येतो आणि दोराने बांधलेला दुसरा डबा वर ओढला जातो. खाली पोचलेल्याचं पाणी सोडून देतात. डिझेलचा खर्च शून्य, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा ऐकवलं.

परतताना सिमन्सबाथच्या बाजूला एका उतारावर समोरून व्हॅन आली. "थांब. चढणाऱ्याला आधी वाट," मामा म्हणाले आणि खिडकीतून डोकं काढून मला मागे घेऊ लागले, "येऊ दे, येऊ दे, डावीकडे काप..." बांधावरची झुडपं गाडीला घासत होती. व्हॅन गेल्यावर मी सांगितलं, की इथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या नियमपुस्तकातही हेच लिहिलंय, शक्य तेव्हा चढणाऱ्या गाडीला वाट द्या.

"बघ," मामा म्हणाले, "आपल्याकडूनच उचललं असणार."

मी वाद घातला नाही. पुढच्या वळणावर मेंढ्या होत्या, आणि त्यांना दोन्हीकडचे नियम माहीत नव्हते.