आवाळू

जेवणाची भांडी आवरली की पंख्याखाली, टाकीसमोर पाय पसरून बसायची मला खोड आहे. आमचे पेशवे तेव्हा काचेपाशी येऊन तोंडाची उघडमीट करतात. पेशवे म्हणजे ओरांडा जातीचा गोल्डफिश. डोक्यावर लाल मांसल पगडी, म्हणून हे नाव. परवा असंच मागता मागता वळले आणि कुशीला गाठ दिसली. चांगली हरभऱ्याएवढी.

आता पगडी म्हणजे तरी काय, वाढलेलं मांसच. तिचेच तर दुकानदाराने जादा पैसे घेतले. फ्लॉवरहॉर्न माशाचं विचारूच नका. कपाळावरचं टेंगूळ जेवढं मोठं तेवढी लक्ष्मी जवळ, म्हणून लोक हजारो रुपये मोजतात. तीच वाढ चार बोटं खाली सरकली की घरात आजारपण.

दुकानदाराला फोन केला. म्हणाला, खडेमीठ टाका. शेपूट झडली तरी त्याचं खडेमीठ, मासा तिरका पोहला तरी खडेमीठ. फारच झालं तर मिथिलीन ब्लू नावाचं निळं औषध, मग टाकीतली सिलिकॉनची शिवण, जाळी आणि माझी बोटं निळी. सासूबाईंचं आपलं ठरलेलं: "घरावरचं तो अंगावर घेतो गं. जाऊ दे."

खवले ताठ उभे राहून अंग फुगलं तर आत पाणी साचलेलं असतं, ते वाईट. परांवर पांढरे खरखरीत पुंजके आले तर बहुधा विषाणू, ते पुष्कळदा आपोआप गळतात. पेशव्यांचं दोन्ही नाही. कातडीखालची गुळगुळीत गाठ, उतारवयात गोल्डफिशना येते तशी. २०१४ मध्ये मेलबर्नला जॉर्ज नावाच्या गोल्डफिशच्या डोक्यातली गाठ डॉक्टरांनी कापून काढली होती, कल्ल्यांवरून भुलीचं पाणी खेळवत. आमच्या इथला प्राण्यांचा डॉक्टर मासा म्हटल्यावर हसला. हसू दे. कुत्र्यामांजरांतून त्याला सवड कुठली!

आमच्या आजोबांच्या मानेवर आवाळू होतं. दुपारी ते आरामखुर्चीत पेंगले की आम्ही भावंडं पाळीपाळीने ते बोटाने दाबायचो. मऊ, आणि दाबलं की सरकायचं. डोळे न उघडता आजोबा म्हणायचे, "बेल नाही रे ती, दार उघडणार नाही." न्हावी त्याला वळसा घालून वस्तरा फिरवायचा. मिरजेला दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काढून टाकू. आजोबांनी विचारलं, "ते काही मागतंय का माझ्याकडे?" झालं, तो विषय तिथेच संपला. पुढे ते गेले ते छातीच्या दुखण्याने, आवाळू जागच्या जागी.

पेशव्यांची गाठ मात्र मागतेय. डावीकडे वळताना ते थोडे कलतात, आणि दाणा तोंडाशी येऊन निसटतो. मी वाटाणा उकडून, साल काढून, अगदी समोर धरते.

लवंगेच्या तेलाने मासे गुंगतात. थोडं घातलं तर भूल, जास्त घातलं तर उठत नाहीत. खाणं पुरतं बंद झालं तर असावी, म्हणून एक बाटली आणून ठेवली आहे. नवऱ्याने विचारलं, ही कशाला?

दाढ दुखतेय, म्हटलं.